दहावं नाव

"बाई, डाव्या हाताचं बोट पुढे करा," गांगुर्डे सर म्हणाले आणि मान वर न करता त्यांनी शाईची काडी बाटलीत बुडवली.

खरं तर शाई लावणं हे त्यांचं काम नव्हतं. ते मतदान केंद्राचे अध्यक्ष. अध्यक्षाने खुर्चीत बसून घाम पुसायचा आणि सह्या करायच्या. पण शाईवाला कारकून जेवायला म्हणून पोलीस पाटलाकडे गेला तो तिकडेच रमला. सुरगाण्याच्याही पुढे, डोंगराच्या कुशीतलं ते गाव. शाळेच्या पत्र्याखाली मार्चमधली दुपार नुसती भाजून काढत होती. बायकांची रांग दारापर्यंत आली होती. म्हणून सरांनी काडी हातात घेतली.

बोट पुढे आलं. नखात चुलीची काजळी होती आणि मनगटावर पोळल्याचा जुना डाग.

"बाँझूर, मस्यो."

काडी हवेतच थांबली. सर वर बघायच्या आत भिंतीला टेकून पेंगत असलेले दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी ताडकन उठले.

"ओ साहेब, ही बाई काय बोल्ली?"

"मतदानाच्या खोलीत निशाणीचं नाव घ्यायचं नाय, सकाळी तुमीच सांगितलं ना?" दुसऱ्याने री ओढली. दिवसभर एकमेकांकडे न बघणारे ते दोघे पहिल्यांदाच एका बाजूला झाले होते.

"निशाणी नाही हो. तिने नमस्कार केला. फ्रेंच भाषेत."

"कशात?"

"फ्रेंचमध्ये."

"ती भाषा आमच्या गावात कुठून आली?"

ती कुठून आली हे सबंध जिल्ह्यात एकाच माणसाला नक्की माहीत होतं, आणि तो शाईची काडी धरून बसला होता. समोर वत्सला भोये उभी होती. आठ-नऊ महिन्यांत चेहरा ओढला होता, पण हसू तेच होतं. सर तिच्या बोटावर रेघ ओढायला गेले आणि शाई पार पेरापर्यंत पसरली.

"मी बाहेर थांबते, सर," ती हळूच म्हणाली आणि मत टाकायला आडोशाला गेली.

पुंजाराम गांगुर्डे हे नाव आणि फ्रेंच हा विषय एका दमात सांगितला की नाशिकमध्ये समोरचा माणूस हमखास हसायचा. सरांना त्याची सवय होती. वडील रेल्वेत खलाशी, नाशिकरोडच्या वस्तीत घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि मुलगा शिकवतो काय, तर फ्रेंच! पण त्याला कारण होतं. पुण्याला कॉलेजात गेल्यावर मराठीच्या तासाला ते उभे राहून वाचू लागले की मागची बाकं तोंडावर रुमाल धरायची. संस्कृतला तर मुलं घरूनच श्लोक पाठ करून आलेली. फ्रेंचच्या वर्गात मात्र पहिल्या दिवशी सगळेच सारखे अडाणी होते. बड्या वकिलाचा मुलगाही अडखळत होता आणि पुंजारामही अडखळत होता. इथे कुणाचा आजा कुणाच्या पुढे नव्हता. पुंजाराम त्या बाकावर जो बसला तो एम.ए. होऊनच उठला.

नाशिकच्या ज्या कॉलेजात त्यांना नोकरी मिळाली तिथे जिन्याखालची एक खोली फ्रेंचला दिलेली होती. सरांनी तिथे पॅरिसच्या नदीवरच्या पुलाचं मोठं चित्र लावलं. पुलाखाली ओल आली तेव्हा चित्र थोडं वर सरकवलं. सगळं छान होतं, फक्त जून महिना वाईट होता.

"गांगुर्डे, पहिल्या वर्षाला दहा मुलं आणा, विषय चालू," प्राचार्य दरवर्षी म्हणायचे. "नऊ आणलीत तर माझा नाइलाज आहे."

मग सर प्रवेशाच्या रांगेशी जाऊन उभे राहायचे. ते एकटेच नसायचे. संस्कृतचे शास्त्री, तर्कशास्त्राच्या बाई, सगळे तिथे घिरट्या घालत असायचे. जूनमध्ये या लोकांत आणि स्टँडवर गिऱ्हाइकाची पिशवी ओढणाऱ्या टांगेवाल्यांत फारसा फरक उरत नसे.

एक्याऐंशी सालच्या जूनमध्ये नऊ झाली होती. शेवटच्या दिवशी दुपारी शिपाई एका माणसाला घेऊन सरांकडे आला. धोतर, डोक्याला पंचा, खांद्याला कापडी पिशवी. मागे दोन वेण्या घातलेली मुलगी, हातात अर्ज.

"मी बारकू भोये," तो माणूस म्हणाला. "शिपायानं सांगितलं, गांगुर्डे सर हायेत म्हणून. आमच्यातबी गांगुर्डे लय हायेत. तुमी कुठले? पेठ का सुरगाणा?"

सरांना सांगता आलं असतं की अहो, आम्ही नाशिकरोडचे बौद्ध, तुमच्या डोंगरातले कोकणा आदिवासी गांगुर्डे वेगळे. एका वाक्याचं काम होतं.

"तिकडचेच धरा," सर म्हणाले.

बारकूचा चेहरा उजळला. सबंध शहरात त्याला घरचं माणूस भेटलं होतं. त्याने पिशवी खाली ठेवली. "मंग तर झालंच. सर, पोरीला आमच्या आश्रमशाळेवर बाई करायचीये. वरच्या वर्गांना शिकवाया. ती म्हणती, मराठी लिहिते. बरोबर हाय ना? आमाला काय कळतं त्यातलं. तुमी म्हणाल तसं."

"मराठी चांगलंच आहे," सर म्हणाले. "पण..."

त्या 'पण'च्या पुढे सर जे बोलले त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मराठीच्या वर्गात शहरातली मुलं तुझ्या बोलण्याला हसतील. फ्रेंचमध्ये सगळे शून्यातून सुरुवात करतात. तिथे तू कुणाच्या मागे नसशील. मार्कही भरपूर पडतात. बोलता बोलता सर स्वतःच्याच आयुष्याबद्दल बोलत होते. फक्त त्यांना दहावं नाव हवं होतं, एवढं मात्र ते बोलले नाहीत.

वत्सलाने मराठी खोडलं आणि फ्रेंच लिहिलं.

आणि ती खरंच मागे राहिली नाही! दिवाळीपर्यंत ती वर्गाच्या पुढे होती. पुस्तकातलं कुटुंब सकाळी पाव आणायला जाई, बर्फात फिरायला जाई. वत्सलाने दोन्ही बघितलं नव्हतं, पण तिला त्याचं काही वाटायचं नाही. 'माझं गाव' या निबंधात तिला भाताची लावणी घालायची होती. त्यासाठी तिने आणि सरांनी मोठा शब्दकोश पालथा घातला आणि शेवटी दोघांनी मिळून अख्खं एक वाक्य रचलं: लहान रोपं एका चिखलातून काढून दुसऱ्या चिखलात लावतात, पाऊस पडत असताना, गाणी म्हणत. सरांनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना इतका आनंद दिला नव्हता.

पुढच्या जूनमध्ये ती जिन्याखालच्या खोलीत आली. विशेष विषय निवडायचा होता.

"सर, फ्रेंच घ्यायचं मनात आहे. पण बीएडला चालेल ना? मला बाई व्हायचंय, तुम्हाला माहीतच आहे."

सरांना माहीत होतं. बी.एड.च्या कॉलेजात प्रवेश मिळायला पदवीचा विषय शाळेत शिकवला जाणारा असावा लागतो, ही सूचना त्यांनी स्वतः वाचली होती. नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या आश्रमशाळेत फ्रेंच शिकवतात? आणि हेही त्यांना माहीत होतं की विशेष फ्रेंचचा वर्ग टिकायला आणखी एक नाव हवंय. वत्सला उभी होती. तिच्या मागे तो पूल होता.

"चालेल," सर म्हणाले.

आठवडाभरात नीट चौकशी करू आणि तिला सांगू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग विषय बदलण्याची तारीख उलटून गेली. मग सांगून काय उपयोग, असं वाटलं. दोन वर्षं सरांनी तिला जीव तोडून शिकवलं. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, काय तळमळीचा शिक्षक आहे. ती तळमळ कशाची होती ते सरांना ठाऊक होतं.

वत्सला पहिल्या वर्गात बी.ए. झाली, पेढे घेऊन आली, पाया पडली. पंधरवड्याने परत आली तेव्हा सरांनी तिला जिन्यावरून बघितलं. हातात कागद होते, चेहरा उतरलेला. सर आल्या पावली मागे फिरले, दुसऱ्या जिन्याने ग्रंथालयात शिरले आणि शब्दकोशांच्या कपाटाआड उभे राहिले. ती जाईपर्यंत उभेच राहिले.

आता तसं कपाट नव्हतं. पाच वाजता मतदान संपलं. सरांनी पेट्यांना लाख लावली, सह्या केल्या, एकदा तपासलेले कागद पुन्हा तपासले. खिडकीतून बघितलं तर वत्सला आंब्याखाली बसलेलीच. शेवटी सर बाहेर आले. तिने किटलीतून कोरा चहा ओतून दिला.

"आश्रमशाळेत लागलेय, सर," ती म्हणाली.

सरांच्या छातीवरून ओझं उतरलं. "शिकवायला?"

"नाय, कामाठी म्हणून. स्वयंपाकाला. पण बीए झालेली म्हणून मुलींची हजेरी मलाच सांगतात." ती हसली. "पोरांना भाकरी वाढताना मोजते ना सर, अं, दो, त्रोआ. तर आता पोरंच ओरडतात, बाई, अजून अं भाकर!"

सर हसले.

"बीएडचं नाय झालं," ती सहज म्हणाली. "शाळेत शिकवतात तोच विषय पायजे म्हणाले. मी तुम्हाला विचारायला आले होते, तुम्ही नव्हता त्या दिवशी. मी बाबांना म्हटलं, सरांना माहीत नसणार. नियम मागनं बदलला असेल. हो ना, सर?"

ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला उत्तर नको होतं, दुजोरा हवा होता. सरांना वाटलं, आत्ता बोलावं. इथे, या आंब्याखाली, एकदाचं बोलून मोकळं व्हावं.

"हो," ते म्हणाले. "बदलला असेल."

"मी बाबांना तेच म्हटलं." तिने रिकामा कप घेतला. "वाईट नाय वाटत, सर. त्या तीन वर्षांसारखे दिवस पुन्हा नाय येणार. भागी बारावीला बसलीये, माझी धाकटी. पास झाली की तुमच्याकडेच पाठवते. तिला मी आतापासनं शिकवतेय."

मतपेट्यांचा ट्रक हॉर्न वाजवत होता. "पाठव," सर म्हणाले आणि निघाले.

जून आला. यंदा रांगेशी उभं राहायला सरांचं मन घेत नव्हतं, तरी ते उभे राहिले. नऊ झाली. दहावं काही मिळेना. शेवटच्या दिवशी ते खोलीत बसले होते, तेव्हा दारात एक मुलगी आली. दोन वेण्या, हातात अर्ज.

"बाँझूर, मस्यो. ज मापेल भागी भोये."

फ्रेंचमधून नाव सांगतानाचे तिचे उच्चार इतके स्वच्छ होते की सर खुर्चीतून अर्धे उठले. वत्सलाला फ्रेंचचा तो घशातला 'र' जमायला सहा महिने लागले होते. हिने चुलीपुढे बसून ताईकडून उचलला होता.

"ताईनं सांगितलंय, थेट सरांकडे जा. अर्ज सरच भरतील." तिने अर्ज टेबलावर ठेवला. विषयाची जागा कोरी होती.

"तुला पुढे काय करायचंय?" सरांनी विचारलं.

"बाई व्हायचंय. ताईचं नाय झालं ना."

सरांनी पेन उचललं. प्राचार्यांच्या खोलीचं दार समोरच दिसत होतं. दहावं नाव टेबलापलीकडे उभं होतं, आपल्या पायांनी चालत आलेलं. या वेळी पटवायचीही गरज नव्हती. सरांनी त्या कोऱ्या जागेत लिहिलं: मराठी.

भागीने वाकून वाचलं. "सर, फ्रेंच."

"मराठी घे."

"पण ताई म्हणाली होती. फ्रेंचमध्ये कुणी मागं नसतं, तुम्हीच सांगितलं होतं तिला. मी धडे केलेत, म्हणून दाखवू?"

आता कारण सांगायला हवं होतं. कारण एकच होतं, आणि ते सांगायचं तर वत्सलाचंही सांगावं लागलं असतं. बी.एड.ची सूचना, विशेष विषय, ते 'चालेल', आंब्याखालचं 'बदलला असेल', सगळंच. सबंध धागा उसवला असता. ही मुलगी शनिवारी घरी जाऊन ते ताईला सांगणार. ताई चुलीपुढे बसून ते ऐकणार.

"तुला नाही जमणार," सर म्हणाले.

भागीचा चेहरा पडला. गाल लाल झाले होते. तिने अर्ज उचलला, दाराशी जाऊन थांबली, आणि वळून विचारलं, "थोडंपण नाय, सर?"

"नाही."

ती गेली. पुण्याच्या बाकावर मुलं तोंडाला रुमाल धरायची तेव्हा पुंजारामचे गालही तसेच लाल व्हायचे.

"नऊच?" संध्याकाळी प्राचार्यांनी विचारलं.

"नऊच."

"बघा, मी दरवर्षी सांगत होतो." प्राचार्यांनाही बरं वाटलं नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सरांना पहिल्या वर्षाचं सक्तीचं इंग्रजी दिलं आणि उरलेल्या वेळात ग्रंथालय बघायला सांगितलं. वरच्या वर्गांतली उरलीसुरली मुलं संपेपर्यंत फ्रेंच चालणार होतं, तेही ग्रंथालयाच्या कोपऱ्यात. जिन्याखालच्या खोलीत खेळाचं सामान आलं. शिपायाने चित्र काढून आणून दिलं तर ओलीने पूल मधोमध फाटला होता.

शास्त्री एकदा म्हणाले, "गांगुर्डे, एका नावासाठी विषय घालवलात! मला सांगायचं, एखादं पोरगं मी दिलं असतं." सर नुसते हसले. आपण एक चांगलं काम केलं, असं त्यांना वाटून बघायचं होतं. पण तसं वाटायला लागलं की दाराशी वळलेली ती मुलगी दिसायची.

दिवाळीची सुटी संपली. सर ग्रंथालयात पुस्तकांवर आकडे टाकत होते. भागी आली. कॉलेजात दिसली की ती बाजूने निघून जायची, आज मात्र सरळ टेबलाशी आली. तिने एक कापडी पिशवी टेबलावर ठेवली. पिशवी सरांनी ओळखली. बारकूच्या खांद्याला होती तीच.

"ताईनं तांदूळ दिलाय. नवा आहे. पोळ्याच्या आधीपासनं म्हणत होती, सरांना द्यायचाय."

"कशाला एवढं," सर म्हणाले. "कशी आहे वत्सला?"

"बरी आहे." भागी उभीच राहिली. तिला अजून काही सांगायचं होतं आणि सांगायचं नव्हतं. मग तिने खाली बघत, शाळेत पाठ म्हणतात तसं सांगून टाकलं, "ताईनं निरोप दिलाय. म्हणाली, सरांना सांग, राग मानू नका. भागीचं डोकं तेवढं चालत नाय, मी उगाच तुमच्याकडे पाठवली. आमच्यामुळे तुमचा वर्ग बंद पडला, त्याचं लय वाईट वाटतं."

तिने एकही शब्द गाळला नाही. स्वतःबद्दलचाही नाही.

सर उठून उभे राहिले. त्यांना म्हणायचं होतं, थांब. तुझं डोकं चालतं, वत्सलापेक्षा चालतं, तो 'र' मी एवढ्या वर्षांत कुणाकडून ऐकला नाही. त्यांचं तोंड उघडलंही. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि मुलांचा लोंढा आत आला.

"बरं," सर म्हणाले. "सांग तिला, तांदूळ मिळाला."

भागीने मान हलवली आणि वर्गाला निघून गेली. मराठीचा तास होता.

संध्याकाळी घरी सरांच्या पत्नीने, यशोदाबाईंनी, पिशवी उघडली आणि मूठभर तांदूळ नाकाशी नेला. "अगंबाई, काय वास आहे! कुणी दिला?"

"एका विद्यार्थिनीनं."

"ठेवून देऊ, का आजच करू?"

"ठेवून दे."

"नवा तांदूळ कुणी ठेवतं का?" म्हणत त्यांनी लगेच आधण ठेवलं. थोड्या वेळात वास दोन्ही खोल्यांत भरला. शेजारच्या कुसाबाईंनी दारातून विचारलं, आज काय विशेष. "अहो, ह्यांच्या विद्यार्थिनीनं पाठवलाय, पार सुरगाण्याहून," यशोदाबाई कौतुकाने सांगत होत्या. "पोरी जीव लावतात ह्यांना. शिकवतातच तसं."

सर पाटावर बसले. यशोदाबाईंनी वाफाळता भात वाढला, वर वरण घातलं. दोन घास होतात न होतात तोच पुन्हा पळी पुढे केली.

"आणखी वाढू ना?"

सरांनी ताटावर हात आडवा धरला नाही. खाली मान घालून ते जेवत राहिले. पानात एक शीत उरू दिलं नाही.